अण्णा सोनारांच्या तीन बाटल्या

अण्णा सोनारांकडे कुठलीही वस्तू दुरुस्तीला नेली तरी ते ती आधी हातात घेत नसत. मांडीवर हात ठेवून, चष्म्याच्या वरून बघत एकच प्रश्न विचारत, "परत खोलायचंय काय?" मग ती नथीची फिरकी असो, देव्हाऱ्यातली समई असो, नाहीतर आमच्या फटफटीचा नट असो. उत्तर मिळाल्याशिवाय काम पुढं सरकत नसे. "तुम्हीच बघा काय ते," असं कुणी म्हणालं की अण्णांचा पारा चढायचा. "मी काय बघू? वस्तू तुमची, संसार तुमचा. घरी विचारून या, जा!" आणि माणसाला खरोखरच परत पाठवायचे. सोनाराच्या ओट्यावरून असं हात हलवत परतलेली मोठीमोठी माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या कानात मोत्याच्या कुड्या आहेत. जुन्या घडणीच्या, थोड्या पिवळ्या पडलेल्या. गावातल्या नव्या सुना विचारतात, "आजी, या तुम्ही कधीच काढत नाही का हो?" मी हो म्हणते आणि विषय बदलते. एकदा त्या माझ्या कानात राहणार की डबीत बंद होणार, अशी वेळ आली होती, आणि त्याचा निकाल अण्णांनी दिला. ते सांगायचं तर आधी फटफटीचं सांगायला हवं, कारण फटफटी नसती तर अण्णांची आणि आमची ओळख सोन्यापुरतीच राहिली असती.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर. 'हे' 'हे' लिहीत बसले तर तुमचा गोंधळ व्हायचा, म्हणून सगळं गाव म्हणे तसं मीही त्यांना डॉक्टरच म्हणते. रेवसच्या धक्क्यापासून पार आगरदांड्यापर्यंत आणि खाडी ओलांडून दिघीच्या बाजूलाही कुणाची म्हैस अडली की यांना बोलावणं. एस.टी. तेव्हा असून नसल्यासारखी. बैलगाडीनं जावं तर म्हैस वाट बघत नाही. म्हणून त्यांनी लढाईतून मोडीत निघालेली एक फटफटी घेतली होती. हिरवा रंग, जागोजागी पोचे, आणि आवाज असा की आमच्या गावात ती सुरू झाली की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायला लागत. ती गाडी म्हणजे त्यांची नोकरीच होती. गाडी बंद म्हणजे डॉक्टर बंद.

लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी आले ती त्या फटफटीवरून. रेवसला लाँचमधून उतरले, ट्रंक मागे बांधली, मी पदर कमरेला खोचून बसले. तांबड्या मातीचा रस्ता, चाकाएवढे खड्डे. वाटेत काहीतरी खण्णकन वाजलं आणि माझ्या उजव्या पायाखालचा आधारच नाहीसा झाला. पाय ठेवायची दांडी रस्त्यात पडली होती. दांडी मिळाली, नट मिळेना. नवी नवरी आणि नवरा, दोघं भर उन्हात धुळीत वाकून नट शोधताहेत, हे आमच्या संसाराचं पहिलं दृश्य!

रस्त्याकडेच्या एका ओट्यावरून आवाज आला, "काय हरवलं? सोनं?"

"नट," डॉक्टर म्हणाले.

"मग शोधा तुम्हीच. सोनं असतं तर आलो असतो."

असं म्हणून तो माणूस उठून आलाच. काळी टोपी, पांढरंशुभ्र धोतर, कानात भिकबाळी, बारीक अंगाचा आणि ऐटबाज. त्यानं आधी मला विचारलं, "लागलं नाही ना, डॉक्टरीणबाई?" मग दोन बोटांनी, मेलेलं झुरळ उचलावं तशी ती दांडी उचलली. अण्णांना लोखंडाची भारी किळस. म्हणायचे, "लोखंड म्हणजे कसं, रोज आंघोळ घातली तरी दुसऱ्या दिवशी घाण." पण त्या दिवशी त्यांनी ती दांडी नीट निरखली, बोल्टाचे आटे नखानं चाचपले आणि म्हणाले, "नट गेला नाही, तुम्ही घालवलात. फटफटी थरथरणार, नट फिरणार. बायकांच्या नथी न थरथरता फिरतात, तर हे तर इंजिन! यात धरून ठेवायला काय घातलंत?"

"स्प्रिंगचा वॉशर आहे की."

"होता. आता तो चपटा झालाय, थकलाय बिचारा." आणि मग तो प्रश्न, "परत खोलायचंय काय?"

डॉक्टर गोंधळले. त्यांना वाटलं, नट म्हणजे पक्का बसवायचा, यात विचारायचं काय. मी म्हटलं, "पायाची दांडी आहे हो. मोडली तरच खोलायची." अण्णा माझ्याकडे बघून खूश झाले. "डॉक्टर, बायको चांगली मिळाली. हिला कळतंय." दुसरा नट त्यांच्या घरातल्या जुन्या शिवणयंत्राच्या डब्यात सापडला, आणि माझ्या माप ओलांडण्याला त्या दिवशी चांगलाच उशीर झाला.

अण्णांच्या शेगडीशेजारी, फुंकणी आणि चिमट्यांच्या ओळीत, तीन बाटल्या असायच्या. पांढरी, तांबडी आणि काळी. पांढरीत टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण. तांबडीत स्पिरिटमध्ये भिजवलेला चपडा, म्हणजे सोनारांची लाख. काळीत राळ आणि जवसाचं तेल उकळून केलेलं, काजळी घातलेलं दाट रोगण. ते त्यांनी होड्या बांधणाऱ्यांकडून शिकून स्वतःच्या डोक्यानं सुधारलं होतं, आणि ते कसं सुधारलं हे ते भेटेल त्याला सांगत. नम्रपणा हा गुण देवानं त्यांना दिलाच नव्हता. "या किनाऱ्यावर मला तोड नाही," असं ते स्वतःच म्हणायचे, दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघत बसायचे नाहीत.

जे रोज-आठवड्याला खोलायचं, त्याला पांढरं. नट जागेवर राहतो, पण हातानं पाना फिरवला की ऐकतो. जे वर्षा-दोन वर्षांनी खोलायचं, त्याला तांबडं. ते आटे घट्ट धरतं, पण स्पिरिटचे थेंब सोडून जरा थांबलं की मऊ पडतं. आणि जे खोलायचंच नाही, त्याला काळं. त्याला स्पिरिट चालत नाही, काही चालत नाही, फक्त विस्तव. लोखंड चांगलं तापेल तेव्हाच ते सोडतं. हे सगळं ते डॉक्टरांना इतक्यांदा समजावून सांगत की ऐकून ऐकून माझंही पाठ झालं. आमटीला फोडणी देतानाही माझ्या मनात यायचं, हिला पांढरं की तांबडं?

लावण्याचीही त्यांची रीत होती. आधी आटे स्पिरिटनं पुसून कोरडे करायचे. "तेलकट कपाळाला गंध धरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग काडीच्या टोकानं थेंब, तोही बोल्टाच्या आट्यांवर, जिथं नट बसणार तिथंच. डॉक्टरांनी एकदा काडी बुडवून बदाबदा ओतलं तर म्हणाले, "अहो, अभिषेक कसला करताय? औषध आहे ते, तीर्थ नव्हे." बारीक स्क्रूला काळं कधी लावू देत नसत, खोलताना डोकंच तुटून हातात येतं म्हणून. आणि इंजिनाच्या तापणाऱ्या जागी तिन्ही बाटल्या बंद. तिथं ते बोल्टाला भोक पाडून तार ओवत आणि पीळ देत, अगदी मोती ओवल्यासारखी. सगळं झालं की गाडीला रात्रभर हात लावायचा नाही. "वाळू द्या. लगेच फटफट नको."

आणि एवढं करून, गाडीवर बसायला मात्र ते मेले तरी तयार नव्हते. "मी तिचे सगळे नट ओळखतो, म्हणूनच बसत नाही," म्हणायचे. डॉक्टर त्यांना बाजारात सोडतो म्हणायचे, तर अण्णा शेजारून छत्री टेकत चालायचे आणि डॉक्टर इंजिन बंद करून गाडी ढकलत त्यांच्याबरोबर. गावाला ती जोडी बघायची सवय झाली होती.

एकदा दिघीच्या बाजूला गुरांमध्ये घटसर्पाची साथ आली. निरोपावर निरोप येत होते. डॉक्टरांना वाटलं, आता एवढ्या वाटेत गाडीनं दगा दिला तर गावंच्या गावं गुरांविना होतील. अण्णा तेव्हा लग्नाच्या दागिन्यांसाठी बाहेरगावी गेलेले. डॉक्टरांनी त्यांच्या घरून काळी बाटली मागून आणली आणि परसात बसून दिसेल त्या नटाला काळं लावलं. मी म्हटलं, "अहो, परत खोलायचंय का ते तरी बघा." तर म्हणाले, "तू अण्णा होऊ नकोस."

झालं! मुरूड ओलांडल्यावर मागचं चाक पंक्चर झालं. चाक उतरवायचं तर नट सुटेना. पाना घसरून हाताची सालपटं निघाली, पण नट जागचा हलला नाही. शेवटी एका बैलगाडीवाल्यानं यांना लशीच्या पेटीसकट आगरदांड्याला पोचवलं. तिथली होडी सुटायच्या बेतात होती. होडीवाला ओरडला, "डाक्टर, चला लवकर! पानी थांबाचा न्हाय!" यांनी पेटी छातीशी धरून उडी घेतली. गुरं वाचली. गाडी मात्र नंतर ट्रकमध्ये आडवी पडून घरी आली.

अण्णांनी ती बघितली आणि 'परत खोलायचंय काय?' हेसुद्धा विचारलं नाही. हे फार वाईट लक्षण होतं. डॉक्टर कुणाचं ऐकणारे नव्हते, माझंही नाही आणि घरच्या वडीलधाऱ्यांचंही नाही. पण सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ते काही खोटं नाही. अण्णांनी शेगडीत लोखंडी कांब लाल केली, नटाला टेकवून धरली, जळक्या राळेचा वास सुटला, आणि पाना नुसता टेकवल्यावर तो हटवादी नट गपगुमान फिरला. मग चिमट्यात तो तापलेला नट यांच्या नाकासमोर धरून अण्णा म्हणाले, "भीती वाटली की माणूस सगळ्यालाच काळं लावत सुटतो. कायमचं म्हणजे काय, ते आधी शिका. माझ्या बाटलीला पुन्हा हात लावलात तर बोटांनाच लावीन." डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे उभे होते. मी दारामागं तोंडाला पदर लावून हसत होते.

त्या कुड्या डॉक्टरांनी मला दिवाळीच्या पाडव्याला घातल्या. माझं बाकीचं सोनं दोन्ही घरच्या वडील माणसांनी ठरवलेलं, मला कुणी विचारलं नव्हतं आणि यांनाही नाही. कुड्या मात्र यांनी स्वतः अण्णांच्या ओट्यावर बसून, मोती निवडून करवून घेतलेल्या. गुरांच्या तोंडात हात घालणाऱ्या या माणसानं मोत्यांचं पाणी पारखत बसावं, याचं अण्णांनाच फार कौतुक. पण फटफटीवर बसून बसून एका कुडीची फिरकी सैल झाली आणि कुडी पडली. नशीब म्हणून पदरात अडकली. माझं रडू थांबेना. डॉक्टर तसेच मला अण्णांकडे घेऊन गेले.

"परत खोलायच्यात काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"नीट विचार कर, डॉक्टरीणबाई. कधी धुवायला, कधी बदलायला?"

"नाही अण्णा. कधीच नाही."

अण्णांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर लाजून आढ्याकडे बघू लागले. "बरं," म्हणून अण्णा आमच्याकडे पाठ करून बाटल्यांकडे वळले, काडी बुडवली, आणि माझ्या दोन्ही फिरक्यांना थेंब-थेंब लावून त्या घट्ट केल्या. "झालं. कायमचं. आता कान गेला तरी कुडी जायची नाही." घरी येताना मी गाडीवर मुद्दाम मान हलवून बघत होते. डॉक्टर म्हणाले, "काय, नंदीबैल झाला काय तुझा?" त्या वेळचं ते हसणं अजून कानात आहे, कुड्यांच्या शेजारीच.

पुढं सरकारनं सोन्यावर निर्बंध आणले. चोख सोन्याचे दागिने करायचे नाहीत म्हणे. अण्णांची शेगडी थंड झाली. ओट्यावर टोपी घालून बसलेले असायचे, पण समोर काही नसायचं. कुणी "काय चाललंय अण्णा?" विचारलं की "राख चाळतोय" म्हणायचे. ऐट मात्र तशीच, धोतराला डाग नाही. तेव्हा डॉक्टरांनी एक केलं. धक्क्यांवरच्या लाँचवाल्यांना, ट्रकवाल्यांना सांगून ठेवलं, "नट सुटत असेल तर अण्णांकडे जा, सुटत नसेल तरी अण्णांकडे जा." हळूहळू ओट्याखाली लोखंडाचा ढीग पडू लागला. अण्णा कुरकुरत, नाक मुरडत ते हातात घेऊ लागले, आणि लोखंडाला हात लावल्यावर दर वेळी साबणानं हात धुवू लागले. पण शेगडी पेटली. यातलं काहीच त्यांनी डॉक्टरांना बोलून दाखवलं नाही, आणि डॉक्टरांनीही त्यांना.

त्यानंतरच्या माघात डॉक्टर गेले. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि बघता बघता माणूस हातातून गेला. मी अजून तिशीत नव्हते. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. फटफटी परसात उभी होती आणि तिच्यावर गोणपाट टाकलेलं होतं, एवढं आठवतं.

दहाव्याला मागच्या अंगणात मला पाटावर बसवलं. आमच्याकडची तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसली तर बरंच आहे. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, मंगळसूत्र गेलं. मी हूं की चूं केलं नाही. मग एक हात कानाशी आला. तेव्हा मात्र मी दचकले. मला वाटलं, हे नको. हे त्यांनी स्वतः निवडलेलं, हे तेवढं राहू दे. शेजारची बाई फिरकी फिरवत होती, ती फिरत नव्हती. तिनं जोर लावला, कानाच्या पाळीतून रक्त आलं.

"थांबा गं," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे डॉक्टरांची चुलती, आमच्या घरातली थोरली. परकरातून लुगड्यात आल्या न आल्या तोच विधवा झालेल्या, आणि तेव्हापासून विधवेच्या लाल आलवणात राहिलेल्या. घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नसे आणि रीतभात मोडलेली त्यांना खपत नसे. "ज्यानं बसवल्या त्याला बोलवा," त्या म्हणाल्या, आणि गडी अण्णांकडे धावला.

अण्णा आले. हातात नेहमीची हत्यारांची पिशवी. तिला नेहमीचाच स्पिरिटचा वास. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसले, भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं फिरकी धरली, जरा खुडबूड केली. त्यांची बोटं गार पडली होती. माझ्या डोळ्यांसमोर तो हटवादी नट आणि लाल कांब आली, आणि मी डोळे मिटून घेतले.

"खुलत नाही," अण्णा उठत म्हणाले.

"असं कसं?" कुणीतरी म्हणालं. "तुम्हीच लावल्यात ना?"

"मीच लावल्यात. काळं लावलंय, कायमचं. डॉक्टरांदेखत लावलंय. ते विस्तवाशिवाय सुटत नाही. आता कान भाजायचा असेल तर सांगा, शेगडी आणवतो. पण आधी माझा भाजा."

"मग कापा की तार."

"कापा. कान तिचा, पाप तुमचं. माझी कात्री मिळायची नाही."

अंगणातल्या सगळ्या जणी काकूंकडे बघत होत्या. काकू अण्णांकडे बघत होत्या, खूप वेळ. अण्णांनी मान खाली घातली नाही. मग काकू म्हणाल्या, "सोनारच नाही म्हणतोय, तर आपण काय करणार? उठा गं, बाकीचं उरका. पाणी तापलं असेल." आणि माझ्या कानाचं रक्त त्यांनी स्वतःच्या पदरानं पुसलं.

कपाळ मोकळं आणि कानात मोती, अशी मी पुढं गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले. लोक बघायचे. काही जणी बोलायच्याही. मी सांगायचे, "सोनाराला विचारा." अण्णांना विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण ते उलट विचारायचे, "तुमच्या तोंडाला कुठलं लावू?" सकाळी वेणी घालताना बोट कुडीला लागलं की वाटायचं, सगळं काही नेलेलं नाही. एवढ्या बळावर मी पुष्कळ दिवस काढले, हे आज सरळ सांगते. काकू मला कधीकधी न्हाऊ घालायच्या, तेव्हा कानाशी हात हळू करत आणि म्हणत, "जपून हो. सुटायच्या नाहीतर." कायमच्या बसलेल्या कुड्यांना जपायचं कशाला, असं मनात यायचं, पण मी विचारलं नाही.

अण्णांची दृष्टी अधू झाली तशी त्यांच्या मुलीनं त्यांना मुंबईला न्यायचं ठरवलं. ओटा बंद झाला. मी त्यांना रेवसपर्यंत पोचवायला गेले. एस.टी.तून जाताना ते म्हणाले, "बघ, तुझ्या फटफटीवर कधी बसलो नाही. एकदा बसायला हवं होतं." गाडी तोवर विकून झाली होती. धक्क्यावर भाऊच्या धक्क्याची लाँच लागायची होती. आम्ही ट्रंकेवर बसलो. अण्णांनी कोटाच्या खिशातून बोटभर बाटली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हे काय, अण्णा?"

"स्पिरिट."

"मी काय करू याचं?"

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "काळं नव्हतं ते, पोरी. तांबडं होतं." डॉक्टरीणबाई सोडून दुसरी हाक त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदाच मारली होती.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. स्पिरिटचे थेंब आणि थोडा धीर, एवढ्यानं सुटलं असतं. आणि त्या दिवशी स्पिरिट त्यांच्या पिशवीत होतं.

"तू कधीच नाही म्हणालीस," अण्णा म्हणाले, "पण माणसाच्या अंगाला मी काळं लावत नाही. उद्या तुलाच काढाव्याशा वाटल्या तर? म्हणून पाठ फिरवून तांबडं लावलं. मग तो दिवस आला." पुढं म्हणाले, "तुझ्या काकूच्या कुड्या माझ्या बापानं काढल्या होत्या. मी तेव्हा नुकता शेगडीवर बसायला लागलो होतो. तिचं डोकं मी धरलं होतं. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्याच बाईनं तुझ्यासाठी मला बोलावणं धाडलं. अंगणात तिनं पुन्हा तसंच बघितलं. मी काय तिच्यासमोर दुसऱ्यांदा खोलणार होतो?"

न्हाऊ घालतानाचं काकूंचं "जपून हो" मला तेव्हा उलगडलं. भोंगा वाजला, लाँच लागली. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाटलीवर माझी बोटं मिटवली. "परत खोलायचंय काय, ते आता तू ठरव. दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नको." मग टोपी सारखी केली आणि फळीवरून चढताना हात द्यायला आलेल्या खलाशाला म्हणाले, "आधी हात धुतलेस काय?"

अण्णा परत आले नाहीत. मुंबईतच गेले, मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

बाटली माझ्या देव्हाऱ्यात आहे. बूच घट्ट होतं, तरी स्पिरिट केव्हाच उडून गेलं. मी ती परत भरली नाही.